धूर दिसतो, उंची दिसत नाही

9 सप्टेंबर 2020 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत उजाडले तेच नारिंगी काळोखात. मोटारी भर दिवसा दिवे लावून धावत होत्या, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यांना तो रंग खरा वाटेना. ते आपणहून आकाश करडे करून टाकत होते. 7 जून 2023 रोजी तसाच रंग न्यूयॉर्कवर उतरला. लाग्वार्डिया विमानतळाकडे निघालेली विमाने रोखून धरावी लागली, यांकी स्टेडियममधला बेसबॉलचा सामना पुढे ढकलला गेला. दोन्ही शहरांवर वणव्यांचाच धूर होता आणि दोन्ही दिवशी उपग्रहांच्या चित्रांत तो दाट, तपकिरी, ठसठशीत दिसत होता. पण माणसांच्या नाकाशी पोचणारी हवा मात्र दोन्हीकडे सारखी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोवर समुद्रावरून आलेला थंड, दमट हवेचा थर पसरलेला होता आणि धूर त्याच्या वरून सरकत होता. आकाश पाहून जितकी वाटावी तितकी त्या दिवशी जमिनीवरची हवा वाईट नव्हती. ती खरी बिघडली पुढच्या दोन दिवसांत. आकाश तोवर मळकट करडे झाले होते आणि कोणी त्याचे फोटोही काढत नव्हते, पण धूर खाली उतरला होता. न्यूयॉर्कमध्ये असा दिलासा देणारा थर नव्हता. तिथे त्याच दिवशी हवा गुणवत्ता निर्देशांक 400 च्या पार गेला, आणि अमेरिकी मोजपट्टीवर 300 नंतरची हवा ‘घातक’ गणली जाते.

वणव्यांच्या धुराचा उपग्रहांच्या साहाय्याने माग कसा काढतात, हा या ग्रंथाचा विषय आहे, आणि त्याची ओळख करून देताना या दोन दिवसांपासून सुरुवात करण्याचे कारण उघड आहे. धूर कुठे आहे हे उपग्रह आज इतके छान दाखवतात की तेवढ्यावरच आपले समाधान होते. चित्र वर्तमानपत्रात छापले जाते, समाजमाध्यमांवर फिरते, आणि ज्या शहरावर तपकिरी पट्टा दिसतो ते शहर धुरात बुडाले असे गृहीत धरले जाते. माझे म्हणणे असे की अशा प्रत्येक चित्राला पहिला प्रश्न ‘कुठे’ हा न विचारता ‘किती उंचीवर’ हा विचारला पाहिजे. धूर कोणाच्या छातीत जाणार, तो किती दूर जाणार, किती दिवस टिकणार, या तिन्ही गोष्टी त्याच्या उंचीवर ठरतात. आणि नेमकी हीच गोष्ट साध्या उपग्रहचित्रात नसते. वरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्याला जमिनीपासून अवकाशापर्यंतचा हवेचा सगळा स्तंभ एकाच सपाट चित्रात दाबलेला दिसतो. धूर तळाशी आहे की आठ किलोमीटर वर, याने चित्राच्या रंगात फारसा फरक पडत नाही.

आधी हे चित्र म्हणजे काय ते पाहू, कारण त्याला छायाचित्र म्हणणेच थोडे धाडसाचे आहे. 2023 मध्ये पूर्व अमेरिकेवर नजर ठेवून असलेला गोज-16 हा भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,800 किलोमीटर उंचीवरून दर दहा मिनिटांनी पृथ्वीचा अख्खा दर्शनी भाग आणि दर पाच मिनिटांनी अमेरिकेचा मुख्य भूभाग टिपत होता. त्याच्यावरचे उपकरण सोळा वेगवेगळ्या तरंगलांबींत पाहते. त्यांत निळी आहे, लाल आहे, पण हिरवी नाही. आपण पाहतो त्या सुंदर रंगीत चित्रांतला हिरवा रंग निळ्या, लाल आणि वनस्पतींना संवेदनशील असलेल्या एका अवरक्त पट्ट्याच्या मिश्रणातून गणिताने तयार केलेला असतो. यात लबाडी काही नाही; मिश्रण चांगले अभ्यासून ठरवलेले आहे. पण धुराची तपकिरी छटा ही मोजमाप म्हणून घ्यायची वस्तू नव्हे, एवढे यातून कळावे. धुराचे कण बहुतांशी एका मायक्रोमीटरहून लहान असतात. ते निळा प्रकाश जोरात विखुरतात, लांब तरंगलांबीच्या अवरक्त किरणांना मात्र जवळपास आरपार जाऊ देतात. त्यामुळे दृश्य प्रकाशात दाट वाटणारा धूर अवरक्त चित्रात नाहीसा होतो, तर ढग दोन्हीकडे राहतात. ढग कोणता आणि धूर कोणता हे ओळखण्याची ही सर्वांत जुनी आणि अजूनही भरवशाची युक्ती. तिची किंमत अशी की सूर्य मावळला की धुराचे चित्र संपते. रात्रभर धूर वाहतच असतो, उपग्रह डोळे उघडे ठेवून असतो, पण त्याला धूर दिसत नाही.

दिवसाही चित्र सारखेच खरे बोलत नाही. सूर्य क्षितिजालगत असताना किरण धुरातून तिरपे, लांबचा रस्ता कापून येतात आणि कण त्यांना पुढच्या दिशेने विखुरतात, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी धूर उठून दिसतो. दुपारी बारा-एकच्या सुमारास तोच धूर फिकट पडतो. चलत्चित्र पाहणाऱ्याला वाटते, धूर ओसरला. तो ओसरलेला नसतो, उजेड बदललेला असतो. काळ्याभोर समुद्रावर किंवा घनदाट जंगलावर पातळ धूरही लपत नाही, पण पांढऱ्या ढगावर किंवा बर्फावर तो सापडणे कठीण. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेत धुराच्या सीमा आखणारे विश्लेषक हे सगळे ध्यानात ठेवून बसतात. ते चित्रांची मालिका पुढे-मागे फिरवतात आणि धूर विरळ, मध्यम की दाट हे ठरवून नकाशावर हाताने रेषा ओढतात. संगणकाच्या जमान्यात हे काम माणूस करतो याचे काहींना नवल वाटेल. मला ते शहाणपणाचे वाटते, कारण हलणारा धूर आणि स्थिर धुके यांतला फरक सरावलेली नजर पटकन पकडते. पण त्या रेषांच्या आतही उंची लिहिलेली नसते. त्या रेषांनी बनलेला बहुभुज संपूर्ण स्तंभाचा असतो, हे नकाशा वापरणारे बहुतेक जण विसरतात.

धुराचा उगम शोधण्याचे काम त्या मानाने सोपे आहे. जळते रान चार मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त किरणांत इतके प्रखर असते की एका चौरस किलोमीटरच्या चित्रबिंदूत हजारभर चौरस मीटरची आग असली तरी तो बिंदू शेजाऱ्यांपेक्षा वेगळा उठतो. टेरा आणि अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील ‘मोडिस’ आणि नंतरच्या उपग्रहांवरील, 375 मीटरपर्यंत बारकावा टिपणारे ‘व्हिर्स’ ही उपकरणे याच तत्त्वावर लाल ठिपके देतात. न्यूयॉर्कवर धूर पाठवणारा कॅनडातल्या क्वेबेकमधला वणवा ज्या उपकरणाने पाहिला त्याच उपकरणाच्या आधारे डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून गडचिरोलीच्या वनरक्षकापर्यंत आगीचा संदेश पोचतो. पण ठिपके म्हणजे धूर नव्हे. ध्रुवीय कक्षेतले हे उपग्रह एका ठिकाणावरून दिवसा ठरावीक वेळीच जातात, ‘व्हिर्स’ दुपारी दीडच्या सुमारास. पंजाब-हरियाणातील पराली, म्हणजे भाताचे खुंट, जाळण्याच्या आकड्यांवर वाद पेटला तो यावरूनच. 2024 मध्ये काही संशोधकांनी कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाची दिवसभराची निरीक्षणे पुढे ठेवली आणि दुपारच्या फेरीनंतर आगी मोठ्या प्रमाणावर लागतात असे म्हटले. शिवाय उत्तरेकडील जंगलांत जमिनीखालचा पालापाचोळ्याचा आणि दलदलीतला जुना थर धुमसत राहतो. त्याची उष्णता कमी, म्हणून ठिपका उमटत नाही. धूर मात्र अमाप. ठिपक्यांची संख्या कमी झाली म्हणजे धूर कमी झाला, हा हिशेब त्यामुळे पुष्कळदा फसतो.

अतिनील किरणांत पाहणारी उपकरणे खुद्द धूर शोधण्यासाठी वेगळी वाट काढतात. 1978 मध्ये निम्बस-7 वर ओझोन मोजण्यासाठी गेलेल्या ‘टॉम्स’च्या नोंदींतून संशोधकांच्या लक्षात आले की धूर आणि वाळवंटातली धूळ अतिनील किरण शोषतात, आणि हे शोषण ढगावर किंवा बर्फावर असलेल्या धुराचेही पकडता येते. आज सेंटिनेल-5पी वरील ‘ट्रोपोमी’ रोज जगभर या शोषणाचा निर्देशांक काढतो. पण इथे उंचीचा प्रश्न उलट्या बाजूने शिरतो. धुराच्या खालच्या स्वच्छ हवेतून परावर्तित होऊन वर येणारा अतिनील प्रकाश धूर अडवतो. धूर जितका उंच, तितकी त्याच्याखाली हवा जास्त, तितका निर्देशांक मोठा. म्हणजे त्याच धुराला नुसते वर उचलले तरी आकडा वाढतो. नकाशावर सर्वांत गडद दिसणारा भाग बहुधा सर्वांत उंच धुराचा असतो, आणि त्याच्याखालची माणसे कदाचित सर्वांत स्वच्छ हवेत असतात. हा नकाशा दाखवून ‘इथे हवा सर्वाधिक विषारी’ असे सांगणे म्हणजे अर्थाचा अनर्थ.

आता 2023 च्या क्वेबेककडे येऊ, कारण तिथे हे सगळे धागे एकत्र दिसतात. त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जंगल जळाले. जूनच्या पहिल्या दिवसांत क्वेबेकमध्ये विजांनी एकाच वेळी अनेक वणवे पेटवले. चिबुगामो हे गाव 6 जूनच्या रात्री रिकामे करावे लागले. चिबुगामोपासून न्यूयॉर्क सुमारे हजार किलोमीटर. याच वेळी नोव्हा स्कोशियाजवळ कमी दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले होते. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे त्याच्या पश्चिमेला ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात. क्वेबेक आणि न्यूयॉर्क नेमके त्या पश्चिम बाजूला होते. गोजच्या चलत्चित्रांत धुराचा पट्टा सरळ दक्षिणेकडे ओघळताना स्पष्ट दिसतो, आणि त्यावरून धूर येणार हे आधीच कळलेही होते. पण तो न्यूयॉर्कच्या वरून जाईल की न्यूयॉर्कमध्ये शिरेल, हे त्या चित्रांवरून ठरत नव्हते. ते ठरवले हवेच्या उभ्या हालचालीने. उत्तरेकडून येणारी हवा दक्षिणेला येता येता खाली दबत होती, आणि दुपारच्या उन्हाने जमिनीलगतचा हवेचा थर वरपर्यंत घुसळला जात होता. वरचा धूर खाली ओढला गेला आणि खाली आलेला परत वर गेला नाही. पीएम 2.5 ची, म्हणजे अडीच मायक्रोमीटरहून लहान कणांची, दिवसाची सरासरी शहरात दर घनमीटरला 100 मायक्रोग्रॅमच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 15 ची आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी त्या आठवड्यात खिडक्या बंद केल्या, मुलांना घरातच ठेवले. दिल्लीचा हिवाळा पाहिलेल्यांना तो आकडा भयंकर वाटला नसेल, पण तिथल्या हवेला तो परका होता.

तीन आठवड्यांनी याच वणव्यांच्या धुराने दुसरे रूप दाखवले. 25 जूनला माँट्रियलची हवा जगातल्या सर्वांत वाईट शहरी हवांमध्ये गणली जात होती, काही दिवसांत शिकागो आणि टोरांटोही धुरात बुडाले. त्याच सुमारास धुराची एक मोठी जीभ अटलांटिक ओलांडून अझोर्स बेटांवरून पोर्तुगाल-स्पेनकडे सरकली. उपग्रहचित्रांत ती इतकी ठळक होती की युरोपातल्या बातम्यांनी कॅनडाचा धूर पोचल्याचे मथळे दिले. ते खरेच होते. पण तो धूर उंचावर होता. युरोपीयांना लालभडक सूर्यास्त आणि दुधाळ आकाश मिळाले, श्वास घ्यायच्या हवेवर फारसा परिणाम झाला नाही. आग तीच, उपग्रह तेच, चित्रातला रंगही बराचसा तसाच. फरक होता फक्त उंचीचा, आणि तो चित्रात नव्हता.

मग उंची कळते कशी? मार्ग आहेत, पण प्रत्येकाची झेप तोकडी आहे. टेरा उपग्रहावरच्या ‘मिसर’मध्ये नऊ कॅमेरे आहेत: चार पुढे रोखलेले, चार मागे आणि एक सरळ खाली. सुमारे सात मिनिटांत एकाच धुराची नऊ कोनांतून चित्रे मिळतात आणि त्यांच्या सरकण्यावरून, आपले दोन डोळे अंतर ओळखतात त्याच रीतीने, धुराच्या माथ्याची उंची काढता येते. पण हे उपकरण सुमारे 400 किलोमीटर रुंदीचाच पट्टा पाहते, तेही सकाळी, वणवे पूर्ण भरात येण्याआधी. दुसरी युक्ती ऑक्सिजनची आहे आणि मला ती फार आवडते. हवेत ऑक्सिजनचे प्रमाण पक्के ठरलेले असते. सूर्यप्रकाश धुरावर आपटून परत आला तर त्याने वाटेत किती ऑक्सिजन ओलांडला हे वर्णपटातल्या काळ्या रेषांच्या खोलीवरून मोजता येते. रेष उथळ असेल तर परावर्तन वरूनच झाले, म्हणजे धूर उंच. पण जमीन उजळ असली किंवा धूर पातळ असला की जमिनीवरून आलेला प्रकाश त्यात मिसळतो आणि धूर आहे त्यापेक्षा खाली असल्याचा भास होतो. सगळ्यांत नेमके उत्तर देतो लेझरचा किरण. 2006 च्या एप्रिलमध्ये गेलेला कॅलिप्सो उपग्रह सतरा वर्षे हवेचा उभा छेद घेत राहिला: कुठला थर किती मीटरवर, कण गोल की वेडेवाकडे, हे सगळे त्यात दिसायचे. मात्र त्याचा किरण जमिनीवर शंभर मीटरहून रुंद नव्हता. पृथ्वीभोवती ओढलेली ती एक बारीक रेष होती, आणि धूर रेषेच्या पन्नास किलोमीटर बाजूला असला तर कॅलिप्सोला त्याचा पत्ताही लागत नसे. कॅनडाचा तो विक्रमी मोसम ऐन रंगात असताना, 1 ऑगस्ट 2023 रोजी, कॅलिप्सोचे काम थांबले. इंधन आणि ऊर्जा संपत आली होती. दोष कोणाचाच नव्हता, पण वेळ वाईट साधली. त्याची जागा घेणारा, युरोप आणि जपान यांनी मिळून बांधलेला अर्थकेअर मे 2024 मध्ये अवकाशात गेला. मधल्या काळात धुराची चित्रे पूर्वीपेक्षा अधिक देखणी होत गेली आणि उंचीची माहिती कमी झाली. आपले प्राधान्य कुठे आहे, हे यातून दिसते असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

उंचीचा प्रश्न श्वासापुरताच नाही, हे दाखवायला एक जुने उदाहरण देतो. 1950 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टाच्या सीमेवर चिंचागा वणवा लागला. चौदा लाख हेक्टरांच्या पुढे जंगल जळाले. सप्टेंबरच्या अखेरीस धुराचा थर पूर्व अमेरिकेवर आला तेव्हा भर दुपारी गावोगाव दिवे लावावे लागले, आणि 26 सप्टेंबरला एडिंबरोच्या लोकांना सूर्य निळा दिसला. तिथल्या वेधशाळेतील रॉबर्ट विल्सन यांनी त्याची वर्णपटीय मोजणी करून ठेवली. उपग्रह नव्हते, विमानांतून आलेल्या बातम्यांवरून थर खूप उंचावर असल्याचे कळले. माणसे खोकली नाहीत, पण सूर्याचा रंग बदलला. त्या काळी कोणाला असे वाटले नव्हते की वणव्याचा धूर तपांबर, म्हणजे वातावरणाचा सर्वांत खालचा थर, ओलांडून त्याच्या वरच्या स्थितांबरात जाऊ शकेल. मोठी आग स्वतःचा गडगडाटी ढग निर्माण करते आणि तो धूर थेट दहा-बारा किलोमीटरच्या वर भिरकावतो, हे शास्त्रज्ञांना पटायला विसावे शतक सरावे लागले. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतील माइक फ्रॉम आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये लिहिलेल्या लेखात दाखवले की स्थितांबरातले काही थर, ज्यांना ज्वालामुखीची राख समजले गेले होते, ते वणव्याच्या धुराचे असू शकतात. म्हणजे धूर दिसत होता, मोजलाही जात होता, फक्त त्या उंचीवर धूर असू शकतो यावर विश्वास नसल्यामुळे त्याचे नाव चुकत होते. ऑस्ट्रेलियातील 2019-20 च्या वणव्यांनी उरलीसुरली शंका संपवली. तिथल्या धुराचा हजार किलोमीटर रुंदीचा एक भोवरा स्थितांबरात तयार झाला. त्यातली काजळी सूर्याची उष्णता शोषत स्वतःच वर चढत राहिली, ती 35 किलोमीटरपर्यंत. इतक्या उंचीवरचा धूर पावसाने धुतला जात नाही. तो महिनोन्महिने राहतो. जमिनीलगतचा धूर आठवड्याभरात जातो.

आधी उंची विचारावी, या भूमिकेवर घेतले जाणारे आक्षेप दुबळे नाहीत. पहिला आक्षेप हवा मोजणाऱ्यांचा. ते म्हणतात, जमिनीवरची हवा जमिनीवरच मोजा. उपग्रहाच्या उंचीच्या भानगडीत पडताच कशाला? शहरापुरते हे बरोबर आहे. न्यूयॉर्कचा 400 चा आकडा जमिनीवरच्या यंत्रानेच दिला. 2020 पासून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या धूरनकाशावर हजारो स्वस्त खासगी संवेदकांचे आकडेही येतात. धुरात ते जास्तच आकडा दाखवतात म्हणून त्यांना सुधारणेचे सूत्र लावावे लागते, ते निराळे. पण उत्तर कॅनडातल्या विरळ वस्तीत, समुद्रावर, बहुतेक आफ्रिकेत आणि आपल्या देशाच्या बऱ्याच ग्रामीण भागात यंत्रे नाहीत. आणि जिथे आहेत तिथेही यंत्र आकडा सांगते, धूर कुठून आला ते सांगत नाही. हजार किलोमीटरवरच्या आगीचा धूर आणि शेजारच्या कारखान्याचा धूर त्याला सारखेच. उगमापासून श्वासापर्यंतचा दुवा फक्त उपग्रहच जोडू शकतो, म्हणून तर त्याला उंचीचा प्रश्न विचारायचा.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्रज्ञांचा आहे, आणि तो अधिक धारदार आहे. उपग्रह स्तंभातले एकूण कण मोजतात. ते आकडे आणि जमिनीवरच्या यंत्रांचे आकडे वर्षानुवर्षांचे जुळवले, हवामानाची माहिती घातली, की संगणक स्वतःच संबंध शिकतो. उंची वेगळी मोजायची गरज उरत नाही. वार्षिक सरासरीसाठी हे चालते, आणि जगभरच्या हवेचे जे नकाशे आज उपलब्ध आहेत ते याच रीतीने झालेले आहेत. पण धुराचे दिवस म्हणजे सरासरीचे अपवादच. दाट धुराच्या दिवशी तर गणनाच कोलमडते: कण मोजण्याच्या प्रणालीला अतिदाट धूर ढगासारखा वाटतो आणि ती तो भाग गाळून टाकते. म्हणजे नकाशावर कडेचा पातळ धूर मोजलेला असतो आणि जिथे धूर सर्वांत दाट, नेमकी तिथेच कोरी जागा. शिकलेल्या संबंधाला त्या कोऱ्या जागेत काय आहे हे माहीत नसते. कार्बनच्या हिशेबात मात्र स्तंभाचीच बेरीज उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने ‘ट्रोपोमी’ने मोजलेल्या कार्बन मोनॉक्साइडवरून कॅनडाच्या 2023 च्या वणव्यांतून सुमारे 64.7 कोटी टन कार्बन बाहेर पडल्याचा अंदाज बांधला. त्या वर्षी चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कोणत्याच देशाच्या जीवाश्म इंधनांतून एवढा कार्बन निघाला नसेल. एकूण किती निघाले हा प्रश्न असेल तेव्हा ते किती उंचीवर आहे याला दुय्यम महत्त्व आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो, कारण तो माणुसकीचा आहे. धूर येताना दिसला की लोकांना सावध करा, मास्क घालायला सांगा, शाळा बंद ठेवा; उंचीच्या चर्चेत वेळ गेला तर नुकसान श्वसनविकार असलेल्यांचे होईल. सावधगिरीचा हा पक्ष मी नाकारत नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोचा तो आठवडा पुन्हा पाहावा. ज्या दिवशी आकाश भीतिदायक होते त्या दिवशी लोक धास्तावले, आणि ज्या दिवशी हवा खरोखर वाईट झाली त्या दिवशी आकाश नेहमीसारखे मळकट दिसत होते. रंग पाहून सावध करायचे ठरवले तर चूक दोन्ही बाजूंनी होते: नको तेव्हा घबराट, हवी तेव्हा निर्धास्तपणा. आणि जे लोक दोनदा विनाकारण घाबरतात ते तिसऱ्यांदा ऐकत नाहीत, हा हवामान खात्यांचा सगळीकडचा जुना अनुभव आहे.

उरतो प्रतिमानांचा आक्षेप, की हल्ली संगणकीय प्रतिमाने हे सगळे आपसूक करतात. करतात, बऱ्यापैकी चांगले करतात. अमेरिकेत वापरले जाणारे ‘एचआरआरआर-स्मोक’ हे प्रतिमान तीन किलोमीटरच्या जाळीवर धूर वाहवते. पण धूर किती उंचीवर सोडायचा हे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते ठरते उपग्रहाने मोजलेल्या आगीच्या उष्णतेवरून. आगीवर ढग आला, किंवा तिचा स्वतःचाच दाट धूर आड आला, की उष्णता कमी मोजली जाते; प्रतिमान समजते आग मंद आहे, आणि धूर खालीच सोडते, जेव्हा प्रत्यक्षात तो दहा किलोमीटरवर गेलेला असतो. एकदा सुरुवातच चुकली की पुढचे वारे कितीही अचूक असले तरी धूर चुकीच्या शहरात पोचतो, कारण दोन आणि दहा किलोमीटरवरचे वारे पुष्कळदा वेगवेगळ्या दिशांचे असतात. हे प्रतिमान बनवणाऱ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच ते एकाच वेळी दोन नकाशे प्रसिद्ध करतात: एक जमिनीलगतच्या धुराचा, दुसरा संपूर्ण स्तंभातल्या धुराचा. दुसरा नेहमीच अधिक दाट, अधिक नाट्यमय असतो आणि जास्त फिरतो तोच. वाचकांनी हे दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहावेत. पुढली प्रकरणे मुख्यतः त्यांच्यात दिसणारा फरक कुठून येतो आणि तो कमी कसा करता येईल याविषयी आहेत.